कोपरा न कापलेलं कार्ड

शब्दकोशाच्या त्या कार्यालयात माणसांना नावं अशी नव्हतीच, अक्षरं होती. आईबापांनी ठेवलेली नावं हजेरीपुरती निघत आणि पुन्हा खणात जात. इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेतले अर्थ जोडायचं काम. ज्याच्या वाट्याला जे अक्षर आलं तेच त्याला जन्माचं चिकटलं. एसवाले भाऊ होते. एस हे न संपणारं प्रकरण. ते हाती घेतलं तेव्हा भाऊंच्या डोक्यावर केस होते, आता भुवयांवर तेवढे उरले होते. क्यूवाल्यांचं अक्षर चिमुकलं, ते केव्हाच हातावेगळं झालेलं, त्यामुळे ते दिवसभर दुसऱ्यांच्या टेबलाशी चहा पीत आणि सल्ले देत. आणि खिडकीजवळच्या टेबलावर, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेली, डब्ल्यूताई.

ताई साठीला टेकलेली, अंगाने काडी, पण शब्दाच्या बाबतीत भलतीच करडी. तिच्यासमोर बोलायचं म्हणजे जिभेला गाळणी लावून बोलायचं. एकदा भाऊ जिना चढून आले आणि खुर्चीत बसत म्हणाले, थकलो बुवा. ताईने मान वर न करता विचारलं, थकलात की दमलात? दमतो तो घटकाभर बसला की उठतो. थकतो त्याला रात्रभराची झोप लागते. भाऊंनी विचार करून सांगितलं की दमलोय, आणि त्या दिवसापासून ते तिच्याशी फक्त हवापाण्याच्या गोष्टी बोलू लागले, त्याही जपून.

या कार्यालयाची एक जुनी रीत होती. कार्यालय सुरू करणाऱ्या म्हाताऱ्या संपादकांनी घालून दिलेली, आणि ते गेल्यावरही कुणी मोडली नव्हती. तिला म्हणत घरची कसोटी. अर्थ कार्डावर लिहून झाले म्हणजे शब्द संपला असं नाही. ते अर्थ घरी न्यायचे, आणि इंग्रजी न येणाऱ्या आपल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवायचे. मूळ शब्द सांगायचा नाही. त्या माणसाने ऐकून रोजच्या बोलण्यातलं एक वाक्य करायचं. वाक्य नीट बसलं तर अर्थ खरे. मग ते वाक्य कार्डावर उतरवायचं आणि टेबलाला बांधलेल्या कात्रीने कार्डाचा उजवा कोपरा कापायचा. कोपरा कापलेलं कार्ड छापखान्यात जायचं, न कापलेलं टेबलावर राहायचं. आणि पहिलं वाक्य तेच पक्कं. आवडलं नाही म्हणून दुसरं मागायचं नाही. भाऊंचं माणूस म्हणजे त्यांची बायको. ती एसच्या शब्दांना इतकी विटली होती की सगळी वाक्यं भाऊंच्या आळसावरच करायची. ती छापलीही गेली.

ताईचं माणूस म्हणजे तिची धाकटी बहीण, चिमी. पंचावन्न उलटलेल्या बाईला चिमी म्हणणं बरं दिसत नाही, पण घरात दुसरं कुणी उरलंच नव्हतं नाव बदलायला. ताईची शाळा पुरी झाली तेव्हा आईने अंथरूण धरलं होतं. एकीने घरी राहायला हवं होतं, ती चिमी राहिली. ताई इंग्रजी शिकली, नोकरीला लागली; चिमीने आईचं केलं, मग वडिलांचं केलं, आणि ते दोघंही गेल्यावर सवयीने ताईचं करत राहिली. याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. बोलायचं काय, दोन खोल्यांत दोघी बहिणी, एक खिडकी रस्त्यावर, एक मागच्या अंगणात. चांगलं चाललं होतं.

आणि कसोटीला चिमीसारखं माणूस कुणाचं नव्हतं. संध्याकाळी ती मटार सोलत बसायची, ताई कार्ड घेऊन समोर. वेतन, रोजगार, मजुरी, असं ताईने वाचलं की चिमीचे हात चालूच, आणि तोंडातून वाक्य बाहेर: “पगार खिशात पडतो, मजुरी हातावर पडते.” पुढच्या कार्डावर होतं आक्रोश, टाहो, हंबरडा. चिमी म्हणाली होती, “हंबरडा फोडला की शेजारी धावून येतात, म्हणून आमची ताई उशीत रडते.” ताई चिडली होती. मी कधी रडले उशीत? पण पहिलं वाक्य पक्कं. ताईने ते कार्डावर लिहिलं, फक्त ‘आमची ताई’च्या जागी ‘काही माणसं’ घातलं. रीतीत तेवढी सूट ती स्वतःला द्यायची.

असंच एकेक कार्ड करत दोघी त्या शब्दापाशी आल्या. वेट. अगदी साधा शब्द, शाळेतल्या पोरालाही येतो. पण ताईने त्यावर आठवडा घालवला, कारण आपल्याकडे त्या एका शब्दाला पाच घरं. थांबणं, हे नुसतं पायांचं काम. खोळंबणं म्हणजे दुसऱ्यापायी आपलं काम अडून बसणं. ताटकळणं म्हणजे पाय दुखेपर्यंत उभं राहणं, आणि येणारा येईल की नाही याची खात्री नसणं. तिष्ठणं तर त्याहून वाईट, दुसऱ्याच्या दारात, मान खाली घालून. आणि वाट पाहणं, ज्यात डोळेही लागतात आणि आशाही. पाचही अर्थ तिने सुरेख अक्षरात लिहिले आणि कार्ड पिशवीत टाकून ती घरी आली. त्या संध्याकाळी चिमीने मटार घेतले नव्हते. ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

झालं होतं असं, की काही महिन्यांपूर्वी ताईच्या चष्म्याची काडी मोडली. ताईला वेळ नव्हता, म्हणून चिमी तो दुरुस्त करायला घेऊन गेली. चष्मेवाला विधुर होता, मितभाषी, काचा घासता घासता गुणगुणणारा. काडी एका फेरीत बसली असती, पण तिला बऱ्याच फेऱ्या लागल्या. ताई पुढे हसत सांगायची की माझा चष्मा दुरुस्त करायला गेली आणि चष्मेवालाच घेऊन आली. पण ते पुढे. त्या संध्याकाळी ती हसली नव्हती. चष्मेवाला दुकान उचलून आपल्या गावी, समुद्राकाठच्या शहरात जाणार होता, आणि त्याने चिमीला लग्नाचं विचारलं होतं.

चिमीने सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “ताई, मी गेले तर तू एकटी पडशील.”

आता इथे दुसरी कुठलीही बहीण असती तर काय म्हणाली असती? रडली असती, नाहीतर जा म्हणाली असती, नाहीतर भांडली असती. ताईने तोंड उघडलं ते नेहमीच्या सवयीने.

“एकटी पडणं वेगळं आणि एकटी राहणं वेगळं,” ती म्हणाली. “पडतो त्याला दुसऱ्याने टाकलेलं असतं. मी एकटी राहीन.”

चिमीने तिच्याकडे पाहिलं. “राहशील?” तिने विचारलं.

“राहीन,” ताई म्हणाली. शब्द अगदी बरोबर बसला होता, आणि त्याबद्दल तिला क्षणभर बरंही वाटलं.

चिमी उठून आत गेली. दोन महिन्यांत लग्न झालं, साधं, सह्यांचं. ताईने बहिणीला कपाट दिलं, आईच्या बांगड्या दिल्या, बसपर्यंत पिशव्या उचलल्या आणि बस सुटताना हात हलवला. चिमी खिडकीतून काहीतरी म्हणाली, पण बसच्या आवाजात ऐकू आलं नाही. घरी येऊन ताईने मागच्या अंगणाकडची खिडकी लावून घेतली. ती नंतर फारशी उघडली गेली नाही.

ते कार्ड पिशवीतच राहिलं. पुढचा शब्द होता वेव्ह, म्हणजे आपला हक्क आपण होऊन सोडून देणं, त्यावर पाणी सोडणं. तो मात्र ताईला चुटकीसरशी सुचला. त्यापुढचे शब्दही एकेक करत होत गेले. कसोटीला तिने वरच्या मजल्यावरची शिलाईवाली धरली. बाई भली, तोंडात टाचण्या धरून वाक्यं करायची, आणि बहुतेक सगळ्या वाक्यांत गिऱ्हाईक असायचं. चालण्याचे, भिंतीचे, भटकण्याचे, हवंहवंसं वाटण्याचे शब्द झाले. कार्डांचे कोपरे कापले गेले. ताई वेटवर परत जायचं पुढे ढकलत राहिली, आणि एक दिवस धीर करून तेही कार्ड तिने शिलाईवालीपुढे धरलं. थांबणे, खोळंबणे, ताटकळणे, तिष्ठणे, वाट पाहणे.

शिलाईवालीने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. “म्हणजे तुम्ही संध्याकाळी खिडकीत उभ्या असता, ते ना?” ती म्हणाली. “मी खालून येते तेव्हा रोज बघते. मला वाटतं, कुणी येणार असेल.”

ताई म्हणाली की मी हवा खाते. मग तिने कार्ड उचललं आणि जिना उतरून खाली आली. पहिलं वाक्य तेच पक्कं ही रीत तिच्याइतकी कुणी पाळली नव्हती, आणि आता तिनेच ती मोडली. वाक्य तिने लिहिलं नाही. कोपरा कापला नाही. आणि संध्याकाळी खिडकीत उभं राहायचं बंद करावं असं दोन दिवस ठरवून तिसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच होती. रस्त्याच्या वळणावर बस थांबायची. माणसं उतरायची, छत्र्या, पिशव्या, पोरंबाळं. कधी पाठमोरी कुणी चिमीच्या अंगकाठीची दिसली की ताईचा हात आपोआप खिडकीच्या गजावर जायचा. बाई वळली की हात खाली.

फोन येत होते, नाही असं नाही. चिमीच करायची. पण फोनवर ताई आणखीच अवघड. बरी आहेस का, असं चिमीने विचारलं की ताई म्हणे, प्रकृतीने बरी आहे. करमतं का, तर म्हणे कामात वेळ जातो. आणि जे विचारायला तिचा जीव तळमळत असायचा, की कधी येतेस, ते विचारायचं राहायचं. बोलावल्याशिवाय येईल तर ती खरी आपली, असं काहीतरी खूळ तिच्या डोक्यात बसलं होतं. तिकडे चिमीही मानी. मी आलेली तिला हवी आहे का कुणास ठाऊक, असं तिने एकदा चष्मेवाल्याला म्हटलं होतं म्हणे. फोन आठवड्यावरून महिन्यावर गेले, महिन्यावरून कधीतरीवर. अशी तीन वर्षं गेली.

मग एका सकाळी मोठ्या साहेबांनी ताईला खोलीत बोलावलं. मोठे साहेब म्हणजे आताचे मुख्य संपादक, मऊ आवाजाचे, कुणाला न दुखावता काम काढून घेणारे. छापखाना आठवडाअखेर डब्ल्यू मागतोय, ते म्हणाले. सगळी कार्डं पोचली आहेत, एक सोडून. ताई म्हणाली की अर्थ पक्के झालेले नाहीत. साहेबांनी ते कार्ड मागून घेतलं आणि उजेडात धरून वाचलं. पाचही अर्थ त्यांनी दोनदा वाचले.

“यात काही उणं दिसत नाही मला,” ते म्हणाले. “तुमची हरकत नसेल तर मी घरी नेतो. माझ्या आईला विचारतो. एका वाक्याचं तर काम आहे.”

“नको,” ताई म्हणाली. तिचा हात पुढे आला होता. “हे माझ्या माणसाकडूनच व्हायचं आहे.”

साहेबांना ठाऊक होतं की तिचं माणूस कुठे आहे. सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. त्यांनी कार्ड परत दिलं आणि सांगितलं की परवा संध्याकाळपर्यंत द्या. दारातून बाहेर येताना ताईला भाऊ भेटले. त्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त आज हवा चांगली आहे म्हणाले. हवा मुळीच चांगली नव्हती, पण ताईने दुरुस्त केलं नाही.

गंमत अशी, की घरी जाताना तिचं पाऊल हलकं पडत होतं. कामाचा फोन करायचा होता. कार्यालयाचं काम, छापखाना खोळंबलेला. यात कुणाच्या दाराशी जाऊन उभं राहणं नव्हतं, काही मागणं नव्हतं. तीन वर्षं जे सबबीवाचून जमलं नव्हतं त्याला आता सरकारी काम म्हणावं अशी सबब सापडली होती. तिने चहा केला, तो प्यायचा राहिला. चष्मा पुसला. कार्ड समोर ठेवलं. पहिलं वाक्य काय बोलायचं ते दोनदा घोकलं आणि नंबर फिरवला.

फोन चष्मेवाल्याने घेतला. ताईचा आवाज ऐकून तो गडबडलाच. या बाजूने फोन यायची त्या घराला सवय नव्हती. ती आत काचा घासतेय, बोलावतो, म्हणाला. मग पावलांचा आवाज, आणि हात पुसत आलेल्या चिमीचा श्वास.

“ताई? काय झालं? बरं नाही का तुला?”

घोकलेलं वाक्य ताईला आठवेना. “कसोटी आहे,” ती म्हणाली. “एक कार्ड राहिलंय. ऐकतेस?”

मग चिमीने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “वाच,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात निराशा होती ती ताईला कळली. चिमीला वाटलं होतं, बहिणीने आपल्यासाठी फोन केला.

ताईने वाचलं. थांबणे. खोळंबणे. ताटकळणे. तिष्ठणे. शेवटचा अर्थ तिने दोनदा वाचला. वाट पाहणे.

ताई पेन उघडून बसली होती. खाली रस्त्यावर बस येऊन गेली.

“ताई,” चिमी म्हणाली, “यातलं तू कुठलं करत होतीस? इतके दिवस?”

या पाचांत काय फरक आहे ते या जगात कुणाला नीट ठाऊक असेल तर ते डब्ल्यूताईला. एकेकाची हद्द तिने आखली होती. ताटकळण्यात आणि तिष्ठण्यात कुठे रेघ ओढायची यावर तिने एक अख्खा दिवस घालवला होता. तिने तोंड उघडलं. फरक तिच्या जिभेवर तयार होता. आणि तिने तो गिळला.

“सगळंच,” ती म्हणाली.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मग तेव्हा का नाही बोललीस? मी विचारलं होतं तुला.”

“तू कुठे विचारलंस? तू म्हणालीस, एकटी पडशील.”

“अगं, तेच विचारणं होतं,” चिमी म्हणाली. “तू नुसती हो म्हणाली असतीस तरी मला पुरलं असतं. मग मी गेले असते तरी पुरलं असतं. तू मला शब्द सांगितलास.”

ताईने पेन खाली ठेवलं. उशीत रडते असं म्हणाली म्हणून जिच्यावर ती चिडली होती, तिच्यासमोरच ती आता रडत होती, आणि उशी जवळ नव्हती. तिला पुष्कळ सांगायचं होतं. मागची खिडकी उघडत नाही हे, मटार सोलताना हाताला बोलणं लागतं हे, चष्म्याची काडी पुन्हा सैल झालीय आणि ती इथल्या कुणाकडे दिलेली नाही हे. त्यातलं काही निघालं नाही. निघालं ते एवढंच.

“ये गं चिमे. मला तू हवी आहेस. चार दिवस ये, त्यांना घेऊन ये. पण ये.”

चिमी म्हणाली, येते. लगेच जमणार नव्हतं. दुकानात कामाचे दिवस होते, चष्मेवाल्याच्या हाताला दुखापत झाली होती आणि काचा तीच घासत होती. पुढच्या महिन्यात, पहिल्या आठवड्यात, नक्की. मग तिने विचारलं की वाक्याचं काय, छापखाना अडलाय ना. ताई म्हणाली, सांग.

“ताई माझी वाट बघत होती आणि मला कुणी सांगितलंच नाही. हे घे. आणि ‘ताई’च्या जागी ‘काही माणसं’ घालायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी ताईने ते कार्ड कोपरा कापून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाक्य वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि कार्ड गठ्ठ्यात घातलं. भाऊंनी जिन्यात विचारलं की झालं का अक्षर. ताई म्हणाली, झालं, थकले बाई. भाऊ पुढे निघून गेले आणि चार पायऱ्या उतरल्यावर थबकले, कारण थकलात की दमलात हे विचारायची ही आयुष्यातली पहिली संधी होती. पण त्यांनी ती सोडून दिली.

संध्याकाळी ताई खिडकीत उभी होती. वळणावर बस थांबली, माणसं उतरली. त्यात चिमी नव्हती, असणार नव्हती हे तिला ठाऊक होतं, तरी तिने एकेक माणूस उतरेपर्यंत पाहिलं. कापडाचं गाठोडं घेऊन शिलाईवाली खालून येत होती. तिने मान वर केली आणि तिला जे इतके दिवस विचारायचं होतं ते विचारून टाकलं.

“कुणी येणार आहे का?”

“हो,” ताई म्हणाली. “बहीण येणार आहे माझी.”

“आज?”

“नाही. पुढच्या महिन्यात.”

शिलाईवालीने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. “मग आत्तापासून उभ्या?”

“आत्तापासून,” ताई म्हणाली, आणि पुढची बस येताना दिसली म्हणून तिने तिकडे मान वळवली.